मधल्या दाराची कडी

गेल्या उन्हाळ्यात साक्रीतल्या आमच्या जुन्या घराचे मधले दार बदलायला काढले. बैठक आणि आतले घर यांच्यामधले ते दार. सुतार तरुण, आमच्या ओळखीतला. नवा पल्ला बिजागरीवर चढवून झाल्यावर त्याने विचारले, "कडी कोनती बाजूले लावू, चाचा?" मी तोंड उघडण्याआधीच आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आतून लाव. फक्त आतून."

सुताराने पेन्सिलीने खूण केली आणि कामाला लागला. मी मात्र खाली उतरवून ठेवलेल्या जुन्या दाराकडे पाहत राहिलो. त्याची कडी बैठकीच्या बाजूला होती. आतून लावायला काहीच नव्हते. पन्नास वर्षे त्या दारातून ये-जा केली, पण हे कधी लक्षात आले नव्हते.

श्रोतेहो, घराच्या पुढच्या दाराबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तोरण तिथे, रांगोळी तिथे, पाहुण्याचे स्वागत तिथे. आतल्या दाराकडे कोणी बघत नाही. खरे तर आपल्या खानदेशातल्या सामान्य घराला आतले दार नसायचेच. जाड मातीच्या भिंती, वर धाबे, एक पुढचे दार, फार तर एक मागचे. दोन खोल्यांमध्ये भिंतीत नुसती वाट सोडलेली. लाकूड महाग, म्हणून पल्ला तिथेच बसवायचा जिथे काही राखायचे आहे. धान्याची खोली, बाळंतिणीची खोली. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांना तर कुडाच्या भिंती आणि एक ताटी, एवढ्यावर भागत असे. वाडेवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या माजघराला दार असे, आणि त्या दाराच्या आत घरातल्या बायका असत.

आमच्याकडे, म्हणजे मुसलमानांच्या घरात, हे काम गोणपाटाचा पडदा करायचा. माझ्या दादांच्या हाती चार पैसे आले तेव्हा त्यांनी पडदा काढून सागवानी दार बसवले. घरात मोठेपणा आला. नियम जुनाच राहिला.

ते सागवान कुठून आले? पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार ओलांडली की डांग लागतो. आज तो गुजरातेत आहे. तिथल्या सागावर इंग्रजांचा डोळा फार आधीपासून होता. ओकची लाकडे विलायतेत कमी पडू लागली, तेव्हा मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली जात. 1817 साली वाडियांनी मलबारी सागातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभे आहे. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे आला. 1825 साली जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली आणि 1830 साली तो फौज घेऊन डांगात शिरला. पुढे 1842 साली तिथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेण्यात आले. पुढे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली. डांगातला माल खाली आणायला बिलीमोरा ते वघई अशी छोटी रेल्वे 1913 च्या सुमारास धावू लागली. त्या भिल्ल राजांच्या वंशजांना सरकार आजही होळीच्या आधी आहव्याच्या 'डांग दरबारा'त वार्षिक मानधन देते. पण ज्यांच्या अंगणात साग वाढला, त्यांना स्वतःच्या झोपडीसाठी तो तोडणे गुन्हा ठरला. आमच्या मधल्या दाराला हाही इतिहास चिकटलेला आहे.

दार मात्र सुंदर होते. त्याला बिजागरी नव्हती. पल्ल्याच्याच लाकडातून वर-खाली खुंट्या काढलेल्या आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरायच्या. बनवणारा सुतार हिंदू. चौकटीवर गणेशपट्टी कोरायची त्याची रीत. आमच्याकडे त्याने त्याच जागी वेलबुट्टी कोरली. कोणी सांगावे लागले नाही. उंबरा उंच, चौकट ठेंगणी. आत जायचे तर वाकूनच.

आणि कडी बाहेरून. बैठकीत पाहुणे आले की दादा उठून ती लावत. माझी बहीण मॅट्रिकला होती तेव्हा आतल्या खोलीत कंदिलाशी बसून वाचायची. कोणीही यावे, काहीही काम सांगावे. एकदा तिने दाराला आतून खाट लावली. त्यावरून घरात दोन दिवस बोलणी झाली. ज्या दाराने तिला बंद करता येत होते, ते दार तिला बंद करता येत नव्हते. ती त्या वर्षी नापास झाली. मी मुलगा म्हणून बैठकीत अभ्यास केला आणि पुढे बी.ए. झालो.

नवे दार सागाचे नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. 2014 साली म्यानमारने सागाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. आता घरातली बरीचशी दारे फ्लश डोअर असतात. हरियाणातल्या यमुनानगरसारख्या ठिकाणी शेतात वाढवलेल्या पॉपलरपासून प्लायवूड बनते. जंगलावरचा भार थोडा हलका झाला म्हणायचे.

बसवण्याचे काम मात्र आजही हाताचे आणि नजरेचे आहे. मातीची भिंत खालून फुगलेली, वर आत झुकलेली. सुताराने आधी ओळंबा सोडला, मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे आले तरच काटकोन खरा, नाही तर पल्ला कुठेतरी घासणारच. शहाबादी फरशीमुळे जमीन वर आली होती, म्हणून खाली पाऊण बोट जागा सोडली. "पावसायात लाकूड फुगस, चाचा," तो म्हणाला. उंबरा आता नाही, चौकट तीन बाजूंची. उंचीही वाढवली. आता वाकावे लागत नाही.

जुन्या दाराला भंगारवाला चांगली किंमत देत होता. शहरातल्या हॉटेलांना अशी दारे शोभेला लागतात म्हणे. मी दिले नाही. वेलबुट्टीची पट्टी काढून ठेवली आणि पल्ल्याचे टेबल करून बहिणीकडे पाठवले. तिची नात त्यावर अभ्यास करते.

काम संपल्यावर त्याच दुपारी सौभाग्यवती आत गेल्या आणि दार लोटून घेतले. कडी सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मला चष्मा हवा होता. तो आत राहिला होता. त्या घरात मी पहिल्यांदाच मधल्या दारावर टकटक केली.

"थांबा जरा," आतून आवाज आला.

मी थांबलो.