दस्तऐवजांतील छुपी माहिती : देण्यापूर्वीची तपासणी

संगणकीय दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यात नजरेआड राहिलेली खासगी माहिती शोधून काढून टाकण्याची प्रक्रिया. वर्डच्या फाइलीत लेखकाचे नाव, खोडलेला मजकूर आणि शेरे राहू शकतात, मोबाइलवरच्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, तर एक्सेलमध्ये लपवलेल्या ओळी, रकाने आणि अख्ख्या शीट असतात. पडद्यावर यातले थोडेच दिसते. घेणाऱ्याकडे मात्र पूर्ण फाइल जाते. म्हणून केवळ पान वाचून केलेली तपासणी अपुरीच असते. मूळ फाइलीतून नको ते वगळण्यापेक्षा हवे तेवढेच नव्या फाइलीत घेणे अधिक खात्रीचे.

८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तर आयर्लंडच्या पोलीस सेवेने माहिती अधिकाराच्या एका अर्जाला एक्सेल फाइल जोडून उत्तर दिले. अर्जदाराला हवी होती फक्त हुद्द्यानुसार संख्या. पण ज्या तक्त्यावरून ती काढली, तो एका लपलेल्या शीटवर फाइलीतच राहिला होता. सुमारे साडेनऊ हजार पोलीस व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे अशी उघडी पडली. सशस्त्र गटांच्या धास्तीने जिथे अनेक पोलीस आपला पेशा शेजाऱ्यापाजाऱ्यांपासूनही लपवतात, तिथे ही चूक जिवावर बेतणारी होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पुढे साडेसात लाख पौंडांचा दंड केला. उत्तर बाहेर पडण्यापूर्वी ते तपासलेही गेले होते, आणि या प्रकरणातला खरा धडा तोच आहे : दिसणारा तक्ता बिनचूक असला की तपासणाऱ्याचे समाधान होते. शीट काढून टाकूनही धोका टळतोच असे नाही. पिव्हट तक्त्याने, म्हणजे मूळ ओळींचा गोषवारा मांडणाऱ्या तक्त्याने, मूळ माहितीची प्रत जपून ठेवली असेल, तर बेरजेच्या चौकटीवर दोनदा क्लिक करताच तिच्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर येतात.

यासाठी सॉफ्टवेअरमध्येच तपासणीची सोय आहे, असे कोणी म्हणेल. ती जरूर वापरावी. पण ती शेरे आणि लपवलेल्या शीट दाखवते, एखाद्या चौकटीतले नाव खासगी आहे हे तिला कळत नाही. पीडीएफमधील ओळीवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरे तशीच राहतात. जानेवारी २०१९ मध्ये राजकीय सल्लागार पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रातला असा झाकलेला मजकूर पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून वाचला. छापून पुन्हा स्कॅन करण्याचा उपाय यावर चालतो, पण अंध वाचकाचे स्क्रीन-रीडर असे पान सहजी वाचू शकत नाही आणि आकडे पुन्हा टंकावे लागतात. त्यापेक्षा आकडे सीएसव्ही स्वरूपात द्यावेत. त्यात एकाच शीटवरची मूल्ये उरतात. मात्र लपवलेल्या ओळी आणि रकाने त्यातही उतरतात, म्हणून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटपर्यंत पाहावी लागते.

इतक्या काटेकोरपणाने अधिकाऱ्यांना माहिती नाकारायला सबब मिळेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण भारताच्या माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम १० नुसार वगळण्याजोगा भाग वेगळा करता येत असेल, तर उरलेली माहिती देता येते. तसा भाग फाइलीतूनही खरोखर वेगळा झाला आहे ना, एवढेच ही तपासणी पाहते.