रणगाडा अडवतो कोण? मिसाइल की इंजिनिअर?

रणगाडा म्हटलं की रील्समध्ये एकच सीन असतो. मिसाइल सुटलं, धूर झाला, रणगाडा संपला. पण त्याआधी त्या रणगाड्याला त्या जागी थांबवलं कोणी? बऱ्याचदा सैन्यातल्या इंजिनिअरांनी. त्यांना सॅपर म्हणतात. रणगाडाविरोधी लढाई आणि सॅपरचं काम एकमेकांशिवाय अपुरं कसं, ते बघूया.

अडथळा कसा काम करतो?

जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यातून जातो. ट्रॅक्टर घेऊन पलीकडे जायचं तर पूल गाठावाच लागतो. रणगाड्याचंही तसंच आहे. टी-72 चं वजन सुमारे 41 टन. रुंद पट्ट्यांमुळे तो शेतातून सहज जातो, पण उभ्या काठाचा कालवा किंवा खोल चर आला की अडतो. पाकिस्तानने लाहोरच्या पूर्वेला खोदलेला इच्छोगिल कालवा याच कामाचा होता. 1965 च्या युद्धात तो भारतीय सैन्याच्या वाटेत होता.

दुसरा अडथळा म्हणजे रणगाडाविरोधी सुरुंग. तो सहसा माणसाच्या वजनाने फुटत नाही, जड वाहनाच्या दाबाने फुटतो. पट्टा तुटला की रणगाडा जागेवरच बसतो.

मग मिसाइल कशाला?

कारण नुसता अडथळा फक्त वेळ खातो. कोणी पहाऱ्याला नसेल, तर शत्रू निवांत सुरुंग काढून पुढे जातो. फायरवॉल लावला, पण लॉग कोणीच बघत नाही, तसं हे. म्हणून अडथळा नेहमी तोफा आणि मिसाइलच्या माऱ्याखाली ठेवतात. अडथळा रणगाड्याला थांबवतो, मारा त्याला संपवतो.

उलट काम: वाट काढणं

आपले रणगाडे पुढे न्यायचे, तर हेच गणित उलटं होतं. सॅपरला त्या माऱ्याखालीच सुरुंग काढावे लागतात.

एप्रिल 1948. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या तुकडीचे रणगाडे सुरुंग आणि रस्त्यावरच्या अडथळ्यांपाशी अडले. वाट मोकळी करायची जबाबदारी होती सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्यावर. जन्म कारवार भागातला, पलटण बॉम्बे सॅपर्स. 8 एप्रिलला काम सुरू करतानाच उखळी तोफांचा मारा झाला. त्यांचे 2 जवान गेले, 5 जण जखमी झाले. त्या जखमींत राणेही होते. तरी पुढचे दिवस ते सुरुंग काढत राहिले. वाट मोकळी झाली, रणगाडे पुढे गेले. राणेंना परमवीर चक्र मिळालं.

16 डिसेंबर 1971, बसंतर नदी. सॅपर सुरुंग काढत होते, काम अर्धवट होतं. तेवढ्यात पलीकडे पोहोचलेल्या आपल्या सैनिकांना शत्रूचे रणगाडे येताना दिसले. पूना हॉर्सचे रणगाडे पूर्ण साफ न झालेल्या सुरुंगांतूनच पुढे घुसले. त्यांतच सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. त्या लढाईत ते शहीद झाले.

महाराष्ट्रात हे कुठे चालतं?

- खडकी, पुणे: बॉम्बे सॅपर्सचं केंद्र.
- दापोडी, पुणे: सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय.
- दिघी, पुणे: डीआरडीओची प्रयोगशाळा. इथे तयार झालेला 'सर्वत्र' पूल 5 ट्रकांवर जातो. प्रत्येक ट्रकवर 15 मीटर, एकूण 75 मीटर.
- अहिल्यानगर: रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र. सैनिकाने उचलून न्यायच्या रणगाडाविरोधी मिसाइलची चाचणी 2018 मध्ये इथल्याच रेंजवर झाली.

तर पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की मिसाइलसोबत जमिनीकडेही बघा. चर आहे का? पूल तुटलाय का? रणगाडे एकाच ओळीत का चाललेत? उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी सॅपरच्या कामात सापडेल.