प्रकाशसाहाय्यित दंतशुभ्रीकरण

प्रकाशसाहाय्यित दंतशुभ्रीकरण ही दातांचा पिवळसर वा तपकिरी रंग फिका करण्याची दंतवैद्यकीय प्रक्रिया आहे. तीत दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे जेल लावून त्यावर निळा एलईडी, हॅलोजन दिवा, लेसर किंवा क्वचित अतिनील किरणांचा झोत सोडतात. बोलीभाषेत तिला सरसकट ‘लेझर ब्लीचिंग’ म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा दिवा एलईडीचा असतो.

कार्यपद्धती

दवाखान्यातील जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण साधारणतः २५ ते ४० टक्के असते. पेरॉक्साइडच्या विघटनातून निर्माण होणारे क्रियाशील कण एनॅमलमधून आत झिरपतात आणि रंगद्रव्यांचे मोठे रेणू तोडून त्यांना फिके करतात. प्रकाशामुळे व त्याच्या उष्णतेमुळे हे विघटन जलद होते, असा या पद्धतीचा दावा आहे.

परिणामकारकता

दातांचा रंग उजळतो हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो दिव्याच्या वाट्याचा. दिव्यासह व दिव्याविना केलेल्या प्रक्रियांची तुलना करणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांत, तीव्र जेल वापरले असता अंतिम रंगात लक्षणीय फरक आढळलेला नाही. सौम्य जेलच्या बाबतीत दिव्याचा काही तात्कालिक लाभ दिसतो. प्रक्रियेनंतर लगेच दिसणारी शुभ्रता काही अंशी फसवी असते, कारण तोंड दीर्घकाळ उघडे राहिल्याने व उष्णतेने दात कोरडे पडतात आणि कोरडा दात अधिक पांढरा दिसतो. लाळेने तो पुन्हा ओला झाला की रंग थोडा मागे येतो. म्हणून छटापट्टीवरील अंतिम तुलना काही दिवसांनी करणे योग्य ठरते.

सुरक्षितता

दात शिवशिवणे ही सर्वांत सामान्य तक्रार असून दिव्याच्या वापराने ती वाढू शकते. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात दंतमज्जेचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर १५ टक्के दातांची मज्जा मृत झाली. तेव्हापासून हा आकडा धोक्याची मर्यादा मानला जातो. तीव्र जेल हिरड्यांना लागल्यास त्या पांढऱ्या पडून भाजतात, म्हणून त्यांवर संरक्षक थर देतात. डोळ्यांना गडद चष्मा आवश्यक असतो. किडलेले दात आधी दुरुस्त करावे लागतात. कृत्रिम दात, कॅप व सिमेंट यांचा रंग बदलत नाही, हे पुष्कळांना पैसे भरल्यावर कळते.

युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडची शुभ्रीकरण उत्पादने केवळ दंतवैद्यामार्फत आणि १८ वर्षांवरील व्यक्तींनाच देता येतात. भारतात दंतचिकित्सक अधिनियम, १९४८ अन्वये दंतव्यवसाय करण्यास नोंदणी आवश्यक आहे. ब्युटी पार्लरमधील दिवा ही अर्हता नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. संगमनेरजवळ घुलेवाडी येथेही दंत महाविद्यालय आहे. ग्रामीण महाराष्ट्रात इतरत्र आढळते तशी येथेही मिश्री लावण्याची सवय आहे, विशेषतः स्त्रियांमध्ये. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दात-हिरड्यांवर घासतात. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी केली. घरी भाजलेली मिश्री मात्र चालूच राहिली.

मिश्रीचे काळे डाग बहुतांशी दाताच्या पृष्ठभागावर असतात. ते साफसफाई व पॉलिशने निघतात, त्यासाठी पेरॉक्साइड वा दिवा लागत नाही. अशा रुग्णाच्या गालाच्या आतील वा हिरडीवरील न पुसला जाणारा पांढरा चट्टा कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतो, म्हणून रंगाआधी तोंडाची तपासणी महत्त्वाची ठरते. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे पडलेल्या डागांची गोष्ट निराळी आहे. ते एनॅमलच्या आत असतात. शुभ्रीकरणाने तपकिरी छटा कमी झाली, तरी पांढरे ठिपके आरंभी अधिक उठून दिसू शकतात.

पर्यायी पद्धत

हेवुड आणि हेमन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दातांच्या मापाच्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून तो रात्री घालतात. त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. साधारण दोन आठवडे लागतात आणि दिव्याची गरज भासत नाही.