किरारीचे कोडे

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद डोळ्यांपुढे उभे राहते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांतून, त्यांत महाराष्ट्रातूनही, माणसे तेथे येऊन वसली. या पोलादाच्या गावाहून रायपूर दूर नाही. तेथील महंत घासीदास वस्तुसंग्रहालयात मात्र एक लाकडी खांब जपून ठेवला आहे. त्याच्यावरील लेख म्हणजे एक बिकट कोडे होते, आणि ते एकट्यादुकट्याने सुटलेले नाही.

1921 साली त्या वेळच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी या गावी हीराबांध नावाचे तळे आटले. गाळ उपसताना हा खांब हाती लागला. शतकानुशतके पाण्याखाली, चिखलात राहिला म्हणूनच तो टिकला होता. बाहेर काढताच त्याला ऊन लागले, लाकूड वाळून त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि त्यांबरोबर अक्षरेही गळून पडू लागली. गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांना ती लिपी वाचता येत नव्हती. तरीही त्यांनी ती जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली. न कळणाऱ्या अक्षरांची नक्कल करणे जिकिरीचे खरे. परंतु अर्थ ठाऊक नसलेला मनुष्य आपल्या पदरचा अर्थ त्यांत घालीत नाही, हाही एक लाभच!

ती लिपी होती ब्राह्मी. तिची किल्लीही अशाच सहकार्यातून सापडली होती. 1836 साली जर्मन पंडित लासेन यांनी एका ग्रीक राजाच्या दुभाषी नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. पुढल्या वर्षी कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता. स्तूपाच्या दगडांवर दात्यांची नावे असावीत आणि ही अक्षरे ‘दानं’ अशी असावीत, असा त्यांनी तर्क केला. शब्दकोड्यात आडव्या शब्दाने उभा शब्द पडताळावा, तसा तो तर्क इतर लेखांनी पडताळला गेला. ‘पियदसि’ म्हणजेच अशोक, हा दुवा जॉर्ज टर्नर यांनी सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांवरून पुरविला.

या संचितावर किरारीचा लेख वाचला गेला. उपाध्यायांची नक्कल आणि लाकडावर उरलेल्या खुणा यांच्या आधारे हीरानंद शास्त्री यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. लिपीच्या वळणावरून तो सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ठरतो. त्यात प्रामुख्याने आढळते ती अधिकाऱ्यांची नामावळी: सेनापती, प्रतिहार, गणक, पत्रे पोचविणारा लेखहारक, पाकशाळेचा महानसिक, गोधनाचा गोमंडलिक. अठराशे वर्षांपूर्वीचा राज्यकारभार त्या वाळलेल्या लाकडातून डोकावतो.

पुढे या परंपरेला मराठी हातही लागले. कोकणात जन्मलेले आणि नागपुरास विद्यादान केलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी छत्तीसगडचे कोरीव लेख आयुष्यभर अभ्यासले. तेथील इतिहाससंशोधक लोचनप्रसाद पांडेय यांच्यासह त्यांनी महाशिवगुप्ताचा मल्हार येथील ताम्रपट संपादिला. 1955 साली कलचुरी–चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा बृहद् संग्रह प्रकाशित झाला. एकाने ताम्रपट शोधावा, दुसऱ्याने त्याचा काळ गणितावा, तिसऱ्याने राजवंशाची जुळणी करावी, असे हे काम होते.

किरारीच्या खांबाचे कोडे पुरते मात्र सुटलेले नाही. लेखातील काही भाग कायमचा गेला आहे. जो उरला, तो उरण्याचे मोठे श्रेय विद्वत्तेइतकेच एका खेडेगावातील पंडिताच्या चिकाटीला आहे. लाकडावरली अक्षरे उन्हाने नेली. कागदावरली त्याने राखली.