ओळंबा आणि कायदा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. तिचा पूर्वार्ध ज्याने एकदा अनुभवला, त्याला मिस्त्री, कंत्राटदार, रेती, चुना आणि वायदे या विषयांवर वेगळे व्याख्यान नको असते. पण हा अनुभव आपल्यापुरता नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोम नगरातील दोन सख्खे भाऊ घरे बांधीत होते आणि त्यांतल्या थोरल्याने धाकट्याला लिहिलेली पत्रे सुदैवाने आजही वाचावयास मिळतात. थोरला म्हणजे विख्यात वक्ता मार्कस सिसेरो; धाकटा त्याचा भाऊ क्विंटस. त्या काळचा इतिहास सांगताना सीझर, पाँपी आणि त्यांच्या लढाया यांनाच सारी जागा लागते. या पत्रांतल्या विटाचुन्याकडे कोणी फारसे वळत नाही. आपण आज त्याच विटाचुन्याकडे पाहू. कारण घर कशाच्या आधारावर उभे राहते, या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते.

प्रथम रोमन लोकांचा शिरस्ता ध्यानात घेतला पाहिजे. मालक आणि कंत्राटदार यांच्यात रीतसर ठराव होत असे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात केटोने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात वाडीवरचे घर बांधावयास देताना मालकाने काय काय पुरवावे याची यादीच आहे : लाकूड, दगड, चुना, रेती, पाणी, आणि त्याबरोबर एक करवत व एक दोरी! पुतेओली या बंदरातील इ. स. पू. १०५ मधला एक ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. निम्मी रक्कम जामीन दिल्यावर आणि उरलेली निम्मी काम पुरे होऊन पसंत पडल्यावर, अशी त्यातील अट आहे. स्थापत्यशास्त्रकार व्हिट्रुव्हियस तर एफिसस नगरातल्या एका जुन्या कायद्याची तारीफ करतो. सार्वजनिक काम घेणाऱ्याने आधी खर्चाचा अंदाज द्यावयाचा आणि काम होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहावयाची. खर्च अंदाजाच्या सव्वापटीपलीकडे गेला, तर वरचा भार त्याच्याच गळ्यात. असा कायदा रोममध्येही, आणि खाजगी घरांनाही असता तर किती बरे झाले असते, असे व्हिट्रुव्हियसला वाटते. अडाण्याच्या हाती काम देण्यापेक्षा स्वतः शिकूनसवरून घर बांधणाऱ्या कुटुंबप्रमुखांचे त्याने कौतुकही केले आहे.

ठराव कितीही चोख असला, तरी मालकाचा डोळा कामावर नसेल तर काय होते, हे क्विंटसच्या घरांवरून कळते. इ. स. पू. ५४ च्या उन्हाळ्यात क्विंटस सीझरबरोबर ब्रिटनच्या स्वारीवर होता आणि इकडे आर्पिनमच्या परिसरात त्याच्या अनेक वाड्यांवर बांधकामे चालली होती. सप्टेंबरमध्ये रोमच्या असह्य उकाड्यातून सुटका म्हणून सिसेरो तिकडे गेला. त्याने एकेक वाडी पायांखाली घातली आणि भावाला सविस्तर अहवाल लिहिला.

त्या अहवालातला मुख्य आरोपी म्हणजे डिफिलस नावाचा बांधकामवाला. डिफिलस मुळातच मंद. पण या कामात त्याने आपल्या स्वतःच्या मंदपणालाही मागे टाकले आहे, असे सिसेरो म्हणतो. त्याने उभे केलेले खांब ना सरळ होते, ना समोरासमोर. ते पाडून पुन्हा उभारण्याचा हुकूम सुटला. ओळंबा आणि मापाची दोरी कशी वापरतात हे तो कधीतरी शिकेल, असा टोमणा सिसेरोने मारला आहे. स्नानगृहात घाम काढण्याची खोली त्याने दुसऱ्या कोपऱ्यात हलविली. कारण वाफेचे नळ नेमके निजण्याच्या खोलीखाली येत होते. फरसबंदी पसंत पडली. काही कमानी छते मात्र बदलावयास लावली. ओसरीत एक लहान चौक काढावा असे क्विंटसने कळविले असल्याचे तेथील लोक सांगत होते. पण आहे तेच बरे, असा अभिप्राय थोरल्या भावाने दिला. माळ्यावर मात्र तो बेहद्द खूष झाला. माळ्याने आयव्हीचा वेल असा चढविला होता की ओसरीतले पुतळेच बागकाम करून तो वेल विकावयास बसले आहेत, असा भास व्हावा.

पण या पत्रातले सर्वांत बोलके वाक्य डिफिलसविषयीचे नाही. वाडीचा कारभारी नायसेफोरस याने एक छोटेसे बांधकाम १६,००० सेस्टर्समध्ये पत्करले होते. ते काम पडून का राहिले, अशी विचारणा झाली तेव्हा त्याने उत्तर दिले, की धन्याने मागाहून कामात पुष्कळ वाढ केली, दामात मात्र काही वाढविले नाही. म्हणून काम सोडून दिले. येथे मालकाची बाजू लंगडी पडते. ‘एवढी एक खोली काढा, एवढी एक खिडकी वाढवा’ असे म्हणणारे आणि पैशाची गोष्ट निघाली की मूळच्या ठरावाकडे बोट दाखविणारे क्विंटस कोणत्या गावात नाहीत? वाडीवरचे असे कारभारी बहुधा गुलाम असत. त्याच्यासारख्या माणसाचे गाऱ्हाणे मालकाच्या कानी जसेच्या तसे पोचविले गेले, ही सिसेरोची सचोटी म्हटली पाहिजे. डिफिलसची बाजू लिहून ठेवणारा मात्र कोणी नव्हता, हेही आपण विसरू नये.

हे पत्र प्रवासात असताना क्विंटस कोठे होता? त्याच हिवाळ्यात गॉल देशात नर्व्ही टोळ्यांनी त्याच्या छावणीला वेढा घातला. प्रकृती बिघडली असतानाही तो छावणी लढवीत होता आणि सीझर येऊन पोचला म्हणून बचावला. कर्जाचा भार हलका करावा आणि सीझरची मर्जी मिळवावी, यासाठी त्याने ही नोकरी धरली होती. घरासाठी परमुलखात जावयाचे आणि परमुलखात असल्यामुळे घर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हा संसारातला पेच किती जुना आहे पाहा!

इथवर प्रश्न ओळंब्याचा होता. पण चार वर्षे आधी याच भावांवर जो प्रसंग आला, तेथे ओळंबा काही कामाचा नव्हता. त्यासाठी वाडीवरून रोम शहरात, पॅलाटाइन टेकडीवर यावे लागेल.

या टेकडीवर सिसेरोने इ. स. पू. ६२ मध्ये क्रॅससकडून ३५ लाख सेस्टर्सना घर विकत घेतले. आता आपण इतके कर्जबाजारी झालो आहोत की कोणी कटात घेतले तर सामील होऊ, असा विनोद त्याने स्वतःवरच केला. या घराचा पूर्वीचा एक मालक ड्रुसस. घर असे बांधून देतो की कोणाची नजर आत पोचणार नाही, असे वास्तुकाराने त्याला सांगितले, तेव्हा उलट मी जे काही करीन ते सर्वांना दिसेल असेच बांध, असे ड्रुससने बजावले, अशी आख्यायिका व्हेलियस या इतिहासकाराने नोंदविली आहे.

इ. स. पू. ५८ मध्ये लोकनायक म्हणवणाऱ्या क्लोडियसने सिसेरोला हद्दपार करविले. घर लुटले गेले, जाळले गेले, पाडले गेले. आणि मूळ मालकाला जागा पुन्हा कधी मिळू नये म्हणून तिच्या एका भागावर क्लोडियसने स्वातंत्र्यदेवतेचे देऊळ उभारले. दुसऱ्याच्या घराच्या राखेवर स्वातंत्र्यदेवतेची प्रतिष्ठापना, याहून मोठा उपहास कोणता? पुढच्या वर्षी सिसेरो परतला. धर्ममंडळापुढे त्याने आपल्या घरासाठी भाषण केले. लोकांनी नावानिशी अधिकार दिल्यावाचून केलेले असे अर्पण बाधक ठरत नाही, असा निर्णय होऊन जागा परत मिळाली. नुकसानभरपाईही ठरली : शहरातील घराचे २० लाख, टस्क्युलमच्या वाडीचे ५ लाख, फॉर्मियेच्या वाडीचे अडीच लाख. रक्कम अपुरी अशी त्याची कुरकुर होती. तरी पाया पुन्हा खणला गेला.

३ नोव्हेंबरला सशस्त्र टोळीने कामकऱ्यांना जागेवरून हुसकावून लावले. शेजारीच क्विंटसचे घर होते. सिसेरोच्या जागेतले दगड त्यावर फेकले गेले आणि मग भर शहराच्या देखत ते पेटवून दिले. तरीही भावांनी काम सोडले नाही. इ. स. पू. ५६ च्या वसंतात क्विंटस सार्डिनियात असताना सिसेरो त्याच्या जागेवर जाऊन आला. पुष्कळ गवंडी कामावर होते. कंत्राटदार लॉंजिलियसला त्याने जोर करावयास सांगितले. आणि नकाशावरून वाटले होते त्यापेक्षा घर आता अधिक स्पष्ट दिसू लागले आहे, असे आनंदाने कळविले.

घरे उभी राहिली. राज्य मात्र ढासळत होते. इ. स. पू. ४३ मध्ये मारावयाच्या माणसांच्या याद्या लागल्या. त्यांत दोघेही भाऊ होते. क्विंटस मुलासह मारला गेला, ७ डिसेंबरला सिसेरोचा वध झाला आणि पॅलाटाइनवरील घर पुढे दुसऱ्याच्या ताब्यात गेले. या वेळी दाद मागावयास धर्ममंडळ नव्हते आणि सभाही नव्हती.

खांब वाकडा गेला तर तो पाडून पुन्हा उभारता येतो; त्यासाठी डोळस मालक आणि हातात दोरी असली की पुरे. पण ज्या दिवशी शेजाऱ्याच्या घरावर दगड पडताना नगर नुसते पाहात उभे राहते, त्या दिवशी सर्वांचेच पाये हलतात. आपण घर बांधताना रोज संध्याकाळी जागेवर चक्कर टाकतो, विटा मोजतो, भिंतीला ओळंबा लावतो. तेवढीच जागरूकता सार्वजनिक न्यायाच्या बाबतीत दाखविणे, हाही घर बांधण्याचाच एक भाग आहे. सिसेरो बंधूंना खांब सरळ करून घेता आले. राज्य सरळ करून घेता आले नाही.