'गांव' आणि 'गाव'

शीर्षकांतून खेडे कधी दिसू लागले, या विषयावर मी एक टिपण छापले होते. १९६२ पूर्वीच्या अंकांच्या शीर्षकांत 'गाव' जवळजवळ येतच नाही, असा त्यात निष्कर्ष होता. तो चुकीचा निघाला.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. 'गांव'चे 'गाव' झाले, 'कांहीं'चे 'काही'. वाचकाला त्याने अडत नाही. शोधयंत्राला मात्र हे वेगवेगळे शब्द वाटतात.

शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ मध्ये निघाला, १९३८ ते १९५० चा १९६१ मध्ये. अठरा वर्षांच्या अंतराने आलेले हे खंड आजही शेजारी ठेवून वापरता येतात. आमच्या जालना एमआयडीसीतही भट्टीच्या एका घाण्याला एकच नंबर असतो. तोच बिलेटवर आणि तपासणीच्या दाखल्यावर. प्रत्येक खात्याने आपापला नंबर घातला तर सळई कुठल्या घाण्याची, हे कोण सांगणार?

डग कटिंग यांचे ल्यूसीन १९९९ चे. त्यावर योनिक सीली यांनी २००४ मध्ये सोलर रचले. त्यात शब्द कसे तोडायचे, कोणती रूपे एक मानायची, ही व्याख्या एकदाच लिहून तिला नाव देता येते. मग हवे तितके रकाने त्या नावाकडे बोट दाखवतात.

मी तसे केले नव्हते. शीर्षक, लेखक, मजकूर या तिन्ही रकान्यांत तीच व्याख्या उतरवून ठेवली. पुढे जुन्या-नव्या रूपांची यादी जोडली, ती फक्त मजकुरात. (सगळेच अनुस्वार गाळता येत नाहीत, 'रंग' आणि 'रग' एक होतात, म्हणून यादीच हवी.) शीर्षकांतले सारे 'गांव' त्यामुळे निसटले.

आता व्याख्या एकच आहे. पण ती बदलल्याने आधी भरलेल्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. सगळा साठा पुन्हा भरावा लागतो. पाळी संपवून आल्यावर रात्री तो भरत गेलो. नंतर शोध घेतला तेव्हा जुन्या अंकांतले 'गांव' एकामागून एक वर आले, अगदी स्वातंत्र्यापूर्वीचेही. दुरुस्तीचे पत्र संपादकांना त्याच आठवड्यात पाठवले.