घरगल्ली कोणाची?

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांत जुन्या इमारतींच्या मागे एक अरुंद बोळ असतो. तो कुणाच्या पत्त्यात नसतो. वरच्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप त्यात उतरतात आणि खिडक्यांतून टाकलेला कचराही त्यातच पडतो. मुंबईत याला घरगल्ली म्हणतात. भाड्याच्या घरांचा या शहरातला इतिहास समोरच्या गॅलरीपेक्षा या बोळातून जास्त स्पष्ट दिसतो.

घरगल्ली म्हणजे दोन इमारतींमध्ये चुकून उरलेली जागा नव्हे. १८८८ च्या महापालिका कायद्यात तिची व्याख्याच आहे: सांडपाणी वाहून जाण्यासाठी, किंवा सफाई करणाऱ्याला संडासापर्यंत पोहोचता यावं म्हणून राखलेली वाट. तेव्हा चाळींत टोपलीचे संडास होते. मैला उचलणारा माणूस पुढच्या दाराने येऊ नये, म्हणून ही मागची वाट. या कामासाठी कायद्यात ‘हलालखोर कर’ नावाचा वेगळा कर होता. शहराला काम हवं होतं, पण ते करणाऱ्या जातींतला माणूस डोळ्यांसमोर नको होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो, असा अधिकाऱ्यांचा समज होता. म्हणून गटारं समुद्राच्या पाण्याने धुतली, त्यांत कार्बोलिक ओतलं. साथ थांबली नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांच्या प्रयोगाने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. जुना समज चुकीचा ठरला, पण एक सवय मात्र राहून गेली. भीती वाटली की गटारं धुवायची, भीती ओसरली की विसरायचं.

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. गिरणी कामगार, कारकून यांच्या डोक्यावरचं छप्पर त्यामुळे टिकलं, हे विसरून चालणार नाही. पण पाइपाचा हिशेब तिथेच बिघडला. मालक म्हणणार, एवढ्या भाड्यात पाइप कसा बदलू? भाडेकरू म्हणणार, इमारत मालकाची. पालिका म्हणणार, खासगी पाइप आमचा नाही. खोली पागडीवर हातोहात बदलत राहिली, पण तुंबलेल्या पाइपाच्या वाट्याला त्यातलं काही यायचंच असं नव्हतं.

पाणी मात्र थांबत नाही. सांधा सुटला की ते भिंतीत मुरतं. जुन्या इमारतींत मजल्याच्या लाकडी तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात. ती ओलीने आतल्या आत कुजतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. मग भेगेत पिंपळ उगवतो.

१९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकराच्या बदल्यात एकोणीस हजारांहून जास्त जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे आली. पुढे हे काम म्हाडाकडे गेलं. पण दुरुस्ती म्हणजे बिघडल्यानंतरचं काम. पावसाळ्याआधी चेंबर उघडून गाळ काढणं, सांधे तपासणं, पिंपळाचं रोप बोटभर असतानाच उपटणं, वरच्या मजल्यांवरून कचरा न टाकणं, ही कामं त्याच्या कितीतरी आधीची. खर्चही त्या मानाने किरकोळ. १९९९ च्या नव्या कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. पण १९४० च्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती?

हे किरकोळ काम टळलं की शेवटी तुंबलेल्या जागी कुणाला तरी उतरवलं जातं. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. तरीही मृत्यूच्या बातम्या येत राहतात.

सफाई नजरेआड राहावी म्हणून या शहराने मागची वाट बांधली. तिथे काय कुजतंय हे मग इमारतीतल्या कुणालाच दिसेनासं झालं, आणि त्याची किंमत त्याच इमारतीच्या भिंतींना मोजावी लागली.